फोटो नको, खराटे पाठवा

आमच्या चर्चच्या हिशोबाच्या वहीत जुलै २०२१ च्या पानावर एक ओळ आहे, 'परकर १५०, निकर ३००, उल्हासनगर होलसेल'. ही ओळ आधी अशी नव्हती. आमचे खजिनदार म्हणजे अतिशय सज्जन माणूस, रिटायर्ड, अक्षर मोत्यासारखं, त्यांनी तिथं 'स्त्रियांचे इतर साहित्य' असं लिहिलं होतं आणि माझ्या सासूबाईंनी ते खोडायला लावलं. "इतर म्हंजी काय इतर? तुमच्या घरात घालत न्हाई का कुणी?" तेही पाळकसाहेबांसमोर, म्हणजे आमच्या पाद्रींसमोर. खजिनदार काका कानापर्यंत लाल झाले पण लिहिलं बाबा त्यांनी, अंडरलाईन करून लिहिलं.

परवा जुनी वही चाळताना ते पान समोर आलं आणि मग बसले आठवत.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, छोटी, साठ-सत्तर घरं असतील, बहुतेक सगळे मूळचे नगर, संगमनेर, श्रीरामपूर, जालना इकडचे. मराठी चर्चला गेलेल्यांना माहीत असेल, आमच्यात नर्सेस आणि शिक्षक खूप, बाकी मग कोणी रेल्वेत, कोणी महापालिकेत, कोणी माझ्यासारखं ऐरोलीला ऑफिसात. त्या जुलैत चर्चला कुलूप होतं. म्हणजे सगळीच धर्मस्थळं बंद होती, एप्रिलपासून, आणि उपासना मोबाईलवर चालायची, ज्यात गाणं सुरू झालं की प्रत्येकाच्या घरून वेगळ्या ठिकाणाहून आवाज यायचा आणि कोणाचा तरी कुकर. लोकलसुद्धा सगळ्यांना चालू नव्हती.

आणि त्यात २२ जुलैच्या गुरुवारी चिपळूण बुडालं.

टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय ते. वाशिष्ठी आणि शिव नदी दोन्हीकडून चढल्या, वर कोयनेच्या वीजघरातून सुटणारं पाणीही शेवटी त्याच वाशिष्ठीत येतं, खाली खाडीला भरती, आणि मधे सापडली बाजारपेठ. पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. त्याच दिवशी संध्याकाळी महाडजवळ तळीये गावावर दरड आली. शुक्रवारी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, 'पूरग्रस्तांसाठी कपडे, धान्य द्यावे, चर्चच्या गेटवर आणून ठेवावे', आणि मी तुम्हाला सांगते, सोमवारपर्यंत गेटच्या आत चालायला जागा नव्हती. एक्केचाळीस पिशव्या नुसत्या कपड्यांच्या. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी कपाटं आवरलेली होती ना.

एक पिशवी माझीपण होती. तिच्यात काय होतं ते नंतर सांगते.

खरंतर विचारायचं आधी होतं, पण आम्ही आधी गोळा केलं आणि मग विचारलं. आमच्यातली एक सिस्टर, म्हणजे नर्स, कोविड वॉर्डात दीड वर्ष काढलेली बाई, तिच्या मैत्रिणीच्या भावाचं चिपळूणच्या बाजारात दुकान, त्याला तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याचा आवाज बसलेला होता. म्हणाला, कपडे पाठवू नका हो. इथं रस्त्याच्या कडेला ढीग पडलेत कपड्यांचे, भिजतायत. पाण्याच्या बाटल्यापण खूप आल्यात. खराटे आहेत का? फावडी? घमेली, बादल्या? दुकानात गुडघाभर चिखल आहे आणि ऊन पडलं की तो सिमेंटसारखा बसतोय. आणि प्रेशरचा पंप मिळाला कुठून तर बघा. मग थोडं थांबून म्हणाला, आमच्या बायकांना अंगातलं काही नाहीये, वरच्या साड्या लोक देतात, आतलं कोणी देत नाही.

तिथून आले ते परकर.

सिस्टरनं गमबूट आणि हातमोजे यादीत घातले, कारण अशा चिखलात अनवाणी उतरलेल्यांना आठ-दहा दिवसांनी लेप्टोचा ताप येऊ शकतो हे तिला पाठ, गोळ्यांचं मात्र तिथल्या सरकारी दवाखान्याला विचारूनच करायचं असं तिनं बजावलं. धान्य वाशीच्या एपीएमसी बाजारातून होलसेलनं. खराटे चारशे. चारशे खराटे एका जागी ठेवलेले तुम्ही कधी बघितलेत का? आमच्या वेदीच्या पायऱ्यांपासून मागच्या दारापर्यंत नुसते खराटे, आणि दोन दिवस त्या नारळाच्या हिरांचा वास.

मग प्रश्न त्या एक्केचाळीस पिशव्यांचा.

मंगळवारी रात्री आम्ही आठजण मास्क लावून चर्चमध्ये बसलो, बाकं बाजूला सरकवून सतरंजी टाकली आणि मधे सासूबाई. त्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो, मंडळीतली पोरंसुद्धा. वय तेव्हा एकाहत्तर, दोन्ही डोस झालेले, आणि घरी बस म्हटलं तर ऐकणाऱ्यातल्या नाहीत. एकेक पिशवी उघडायची, कपडा वर धरायचा, आई विचारणार, "हे तू घालशील का?" बास, एवढीच परीक्षा. शेरवानी निघाली, सोनेरी. हुकांसकट पडदा निघाला. एका पिशवीत एकाच पायाचा बूट, आता ह्याचं काय करायचं होतं देणाऱ्याच्या मनात देव जाणे. विटलेले गाऊन, इलॅस्टिक गेलेल्या पँटी, शाळेचा गणवेश खिशावरच्या बिल्ल्यासकट. आणि मग माझी पिशवी आली. वर दोन बऱ्या कुर्ती मी मुद्दाम ठेवल्या होत्या, आणि खाली सगळं ते, जे मला टाकवत नव्हतं आणि घालवतही नव्हतं. आईंना ती पिशवी माझी आहे हे माहीत होतं, खुर्चीवर चार दिवस पडलेली होती घरात. एक ब्लाऊज त्यांनी उचलला, काखेत उसवलेला, पिवळा डाग. माझ्याकडं बघितलंच नाही. नुसतं म्हणाल्या, "हे फडक्यात टाका."

फडकी ही आईंचीच आयडिया. चिखल पुसायला तिथं कापड लागणारच की! मग जुन्या सुती साड्या, चादरी, बनियन सगळं टराटरा फाडून हात-हात लांबीची फडकी केली, पोती भरली. सुती साडी फाडायचा आवाज असतो ना, रिकाम्या चर्चमध्ये तो केवढा घुमतो. घालण्यासारखे म्हणून उरले अवघे सहा पिशव्या कपडे.

आमच्या तरुण संघातल्या पोरांनी तेव्हा बॅनरचा विषय काढला. टेम्पोवर चर्चचं नाव पाहिजे, फ्लेक्स करून आणतो, आणि वाटताना फोटो पाहिजेत, लोकांनी पैसे दिलेत त्यांना दाखवायला नको का? चुकीचं नव्हतं ते. खजिनदार काकांनाही फोटो हवे होते, पुराव्याला. पाळकसाहेब म्हणाले उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, तर एक पोरगा म्हणाला साहेब पण डाव्या हातानं ऑनलाईन ट्रान्सफर केलंय त्याचं काय. हसले सगळे. आणि मग आई बोलल्या, फाडणं न थांबवता.

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट होती. आमच्या घरात ती तशी सगळ्यांना माहितीये पण अर्धीच. आई तेव्हा बावीस वर्षांच्या, पदरात पहिला मुलगा, म्हणजे माझे मोठे दीर. गावात प्यायला पाणी नाही, गडीमाणसं-बायका सगळे दुष्काळी कामावर, खडी फोडायला. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी, जी गिळता गिळायची नाही, आणि पोरांना सुकडी, म्हणजे मदतीतला पौष्टिक खाऊ. हे एवढं आम्हाला माहीत होतं. त्या रात्री त्यांनी पुढचं सांगितलं. सुकडीच्या रांगेत उभ्या असताना एक कोट घातलेला साहेब आला, बरोबर कॅमेरा, आणि त्यानं खुणेनं सांगितलं की भांडं वर धर, पोराला पुढं घे. "म्या पदर तोंडावर घेतला. तर म्हंतो, न्हाई न्हाई, तोंड दिसलं पायजे." मग? मी विचारलं. "मग काय. भांडं मोकळं होतं की. घेतला पदर मागं." एवढंच. आणि पुढची साडी फाडायला घेतली. तो फोटो कुठं गेला असेल, कुठल्या देशात कोणाच्या पुस्तकात छापला असेल, त्यांना आजपर्यंत माहीत नाही.

बॅनर झाला नाही. टेम्पोच्या काचेवर 'पूरग्रस्तांसाठी मदत साहित्य' एवढा कागद लावला, नाक्यावर पोलिसांनी अडवू नये म्हणून. फोटो फक्त सामानाचे काढायचे ठरले. त्यामुळे आमच्या मंडळीच्या वार्षिक अहवालात त्या वर्षी खराट्यांचा पानभर फोटो आहे, बघणाऱ्याला वाटेल आमचं खराट्यांचं दुकान आहे.

इथं थोडं विषयांतर करते. आमच्यासारख्या घरांना 'दुष्काळात भाकरीसाठी बाटलेले' हे ऐकायची सवय आहे. शाळेत, ऑफिसात, कधी चेष्टेत, कधी नाही. मी आधी चिडायचे, पुरावे द्यायचे. आता वाटतं, अगदीच खोटं कशाला म्हणायचं? माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा छप्पनच्या दुष्काळातले, म्हणजे १८९९-१९०० सालचे अनाथ पोर, नगरकडच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढले. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून आहे, त्यांच्याकडं त्या वर्षांत अशी किती पोरं आली असतील. विश्वास ठेवला तो पुढं, पोट भरल्यावर, स्वतःच्या अकलेनं, पण पहिली भाकरी दुसऱ्याच्या हातची होती हे खरंच आहे. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. त्यांचंही तेच. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील, बहीण सगळे डोळ्यांसमोर गमावले, स्वतः उपाशी भटकल्या, आणि मग १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्यावर तीच बाई तिकडं गेली आणि शेकडो मुली घेऊन आली. दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन त्याच मुलींनी भरलं (नगरचं केडगाव नाही, सगळे घोळ करतात). मला नेहमी वाटतं, रमाबाईंना त्या मुलींना काय लागतंय ते विचारावं लागलं नसेल. आम्हाला विचारावं लागलं. आमची पिढी जेवलेली आहे, एवढाच फरक.

आता मुकादमांचं.

कोपरखैरणे म्हणजे माथाडींची वस्ती, एपीएमसीत पोती वाहणारी माणसं, त्यातले खूपजण साताऱ्याकडचे. चर्चच्या मागच्या गल्लीत एका टोळीचे मुकादम राहतात. आमच्या पोरांनी गुरुवारी टेम्पो भरायला घेतला आणि तो प्रकार ते गॅलरीतून बघत होते. अर्ध्या तासानं न राहवून खाली आले, सगळं खाली काढा म्हणाले. तांदळाची पोती आम्ही पाठीमागं घातली होती आणि बादल्या पुढं. त्यांनी हातात हूक घेतला, पोतं असं खांद्यावर घेतलं की पोत्याला जणू कळतच नव्हतं आपण उचललो गेलोय, आणि तळाला आडवी-उभी अशी वीण घालत रचली पोती, वर डाळीचे, मधे पंप, कडेला फडक्यांची पोती दाबून, आणि सगळ्यात वर खराटे. गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही रात्री. हमाली विचारली तर हात जोडले. टोळीतले दोघेही आले मदतीला.

शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास काम संपलं, आईंनी चहा दिला. मुकादम पायरीवर बसून पीत होते. आईंनी सहज विचारलं, दादा गाव कुठलं म्हणालात?

"पाटणच्या वर, मावशी."

आम्ही सगळे गप्प. त्या आठवड्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही नावं टीव्हीवर रोज होती. पाटण तालुका. त्याच पावसानं, त्याच दोन दिवसांत डोंगर खाली आले होते. कुंभार्ली घाटाच्या या अंगाला चिपळूण आणि त्या अंगाला पाटण, मधे एक सह्याद्री फक्त. आई म्हणाल्या, मग घरचे?

"चुलता-चुलती होते. गावले परवा." चहाचा कप त्यांनी खाली ठेवला आणि बशी त्यावर उपडी घातली. "जायचं होतं. पण गाडी मिळंना."

गावले परवा. म्हणजे बुधवारी. आणि हा माणूस गुरुवारपासून आमची पोती रचत होता. आम्ही सव्वादोनशे किलोमीटरवर फोन लावून विचारलं होतं की बाबांनो तुम्हाला काय लागतंय, त्याचं कौतुकही करून घेतलं होतं मनातल्या मनात, आणि मागच्या गल्लीत कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मी तर रोज त्यांच्या दारावरून दूध आणायला जाते.

पाळकसाहेबांनी प्रार्थना करू का असं विचारलं, आणि मुकादम म्हणाले करा की. डोक्यावर टॉवेल घेऊन उभे राहिले. लहान प्रार्थना होती, आमच्या साहेबांच्या मानानं फारच लहान. मग सिस्टरच्या नवऱ्यानं वॅगनआर काढली आणि बारा वाजता ते दोघं पुण्याच्या दिशेनं निघाले, उंब्रजवरून पाटण. आईंनी डब्यात चपात्या दिल्या आणि एक नवीन चादर. जी टेम्पोत जायची होती त्यातलीच.

आमचा टेम्पो पहाटे सुटला. वडखळ, माणगाव, महाड, कशेडी घाट, खेड, सगळा रस्ता खड्डे आणि मदतीच्या गाड्या. चिपळूणबद्दल मी फार लिहिणार नाही, ज्यांचं गेलं त्यांनी लिहावं. वास तेवढा सांगते. भिजलेलं धान्य, डिझेल आणि गाळ, असा एकत्र. त्या दुकानदारानं भिंतीवर २००५ च्या पुराची खूण दाखवली आणि मग हात वर करून या वेळची, हात पुरला नाही. शेजारच्या गल्लीत मशिदीतल्या पोरांनी भाताचं डेग चढवलं होतं, दुपारी आम्ही तिथंच जेवलो. एक काका आले, कुठल्या पक्षाचे तुम्ही? म्हटलं पक्षाचे नाही, चर्चचे. ते जरा मागं सरकले, डोळे बारीक केले, मग खराट्याकडं बघून म्हणाले, दोन मिळतील का? दिले.

आणि एक बाई. चाळिशीची असेल, पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, हातात आधार कार्डाची झेरॉक्स, तीही ओली होऊन वाळलेली. मी तिला खराटा, बादली, फडकी आणि परकराची पिशवी दिली. तिनं सामान घेतलं, दोन पावलं मागं गेली, बादली छातीशी धरली, पिशवी वर, आणि माझ्या मोबाईलकडं बघून उभी राहिली. सरळ. चेहऱ्यावर काही नाही. आठ दिवसांत तिला कळलं होतं की असं उभं राहायचं असतं.

मी म्हटलं, ताई फोटो नकोय. तिला कळेना. "मग सही कुठं करू?" सहीपण नको. ती तशीच थांबली थोडी, मला वाटतं तिला शंका आली की आता सामान परत घेतात की काय. मग पिशवीत हात घालून चाचपलं, परकर लागला हाताला, आणि पटकन पिशवीचं तोंड मुठीत आवळून ती गेली, वळून न बघता, चिखलातून, भरभर.

घरी येऊन मी आईंना हे सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. काही बोलल्या नाहीत.

मुकादम तेराव्यानंतर परत आले. चादर धुऊन, घडी घालून परत केली, ती आईंनी घेतली नाही यावरून दारात बराच वेळ वाद. सात ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, देवळं-चर्च सगळी उघडली आणि नोव्हेंबरात आम्ही हंगामाचा सण केला. हा आमच्यातला सण बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. शेतातलं पहिलं पीक देवाच्या पुढं आणायचं, आता कोपरखैरण्यात कोणाचं शेत, तर लोक केक आणतात, अंडी, गावाकडून आलेली बाजरी, कुंडीतलं वांगं. आणि उपासना संपली की त्या सगळ्याचा तिथंच लिलाव. दहा रुपयांचं लिंबू तीनशेला जातं, मुद्दाम चढवतात, तो पैसा दानात.

त्या रविवारी लिलाव चालू असताना मुकादम दारात दिसले, हातात तांदळाची पिशवी, पाच किलो असेल. गावाकडं खालचं एक खाचर वाचलं होतं, त्यातला. आईंना द्यायला आले होते, पण पोरांनी हातातून घेतली आणि थेट टेबलावर ठेवली. "गावठी तांदूळ, पाटणचा!" बोली शंभरापासून सुरू. आई दोनशे. सिस्टर तीनशे. आई पाचशे. खजिनदार काका, जे आयुष्यात कधी बोली बोलले नव्हते, मागून उठून हजार म्हणाले. आई पंधराशे. काका दोन हजार. मुकादम चपला हातात धरून दारात उभे, घाबरेघुबरे, मला हळूच म्हणतात, "ताई, ह्यांना सांगा ना, बाजारात चाळीस रुपये किलोनं मिळतो हा."

काकांनी अडीच हजाराला नेला. आईंनी त्यांच्याशी पुढचे दोन रविवार बोलणं टाकलं होतं.